क्लास परमनंट, आम्ही बदली

क्रिकेटवर लिहितोय म्हणून नाकं मुरडू नका. बैठकीत क्रिकेटचा विषय निघाला की आपल्यातला एखादा कार्यकर्ता लगेच म्हणतो, हा बामणांचा आन् भांडवलदारांचा खेळ, यात आपलं काय? मी म्हणतो, लेको, चेंडू बघा. चेंडू चामड्याचा असतो. भारतातल्या कसोटीचा चेंडू मेरठला शिवला जातो. ढोर ओढण्यापासून ते चामडं कमावण्यापर्यंतचा धंदा या देशात कुणाच्या माथी मारला ते मी तुम्हाला सांगायला नको. ज्या हातांचा विटाळ, त्या हातांतून निघालेला चेंडू पांढऱ्या कपड्यातला माणूस घाम लावून मांडीवर घासतो. तेव्हा विटाळ होत नाही. म्हणून म्हणतो, यात आपलं बरंच काही आहे.

आधी माझी चीड ओकून टाकतो, मग मुद्द्यावर येतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडचा संघ भारतात आला. त्याआधी बारा वर्षं आपण घरच्या मैदानावर कसोटी मालिका हरलो नव्हतो. लागोपाठ अठरा मालिका मारलेल्या. आणि बंगळुरूत आपला अख्खा संघ ४६ धावांत खलास! शेहेचाळीस! भारतातल्या कसोटीत आपली एवढी खालची धावसंख्या कधी झाली नव्हती. पुण्यात ११३ धावांनी मार खाल्ला. मग वानखेडे. जिंकायला १४७ पाहिजे होत्या. १२१ वर गाडी संपली. आणि बळी कुणी घेतले? एजाझ पटेलनं, सामन्यात अकरा. मुंबईतच जन्मलेला माणूस, लहानपणीच आईबापांबरोबर तिकडं गेलेला. तीन-शून्य.

कप्तान रोहित शर्मा. तीन सामन्यांत सहा डाव, धावा ९१. त्याच्या पाठीमागचं दुसरं मोठं नाव विराट कोहली, सहा डाव, ९३. मी हे आकडे पाठ केले नाहीत. ते पाठ झाले. सावकाराचा आकडा गरिबाला पाठ होतो तसे.

मग ऑस्ट्रेलिया. मेलबर्नचा खेळ आपल्याकडं पहाटे पाचला सुरू होतो. रात्रपाळीवाल्याला हे सोयीचं. आमच्या सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात मोबाइल न्यायला बंदी. डोळे बॉबिनवर, कान जिन्याकडं. मुतायला जाऊन आलेला प्रत्येक जण स्कोअर घेऊन येणार. येणाऱ्याचं तोंड बघूनच कळायचं. रोहितचे त्या मालिकेतले डाव असे : ३, ६, १०, ३, ९. पाच डावांत मिळून ३१. त्याच मालिकेत बुमराचे बळी ३२. म्हणजे कप्तानाच्या धावांपेक्षा एका गोलंदाजाचे बळी जास्त! एकटा माणूस अख्खं खातं चालवतो आणि बाकीचे हजेरी लावून बसतात, असं मी गिरणीत बघितलंय. शेवटी जे एकट्याचं होतं तेच बुमराचं झालं. सिडनीत त्याची पाठ गेली. शेवटच्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही. मालिका गेली, १-३. २०१७ पासून आपल्याकडं असलेली बॉर्डर-गावसकर ट्रॉफी गेली.

सिडनीला रोहित स्वतःच बाहेर बसला. हे त्यानं चांगलं केलं. पण खेळ चालू असताना मुलाखत देऊन सांगितलं की मी निवृत्त होत नाही. महिन्याच्या आतच मुंबईकडून रणजी खेळायला बीकेसीच्या मैदानावर उतरला. जम्मू-काश्मीरविरुद्ध ३ आणि २८. मुंबई तिथंही हरली. मे २०२५ मध्ये त्यानं कसोटी सोडली, पाच दिवसांनी कोहलीनं सोडली.

आता उलटी बाजू पण सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल हा नुसता शिव्या घालतोय. पांढऱ्या चेंडूवर हाच रोहित राजा. जून २०२४ ला त्याच्याच कप्तानीत विसावीस षटकांचा विश्वचषक आला. मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफी आली, अंतिम सामन्यात त्याच्या ७६. बोरिवलीतल्या साध्या घरात वाढलेला पोरगा, मराठी आपल्यासारखी सैल बोलतो, आणि उसळता चेंडू आला की कमरेतून असा फिरतो की चेंडूलाच वाटावं आपलं चुकलं. त्याचा पुल बघताना मी सगळं विसरतो. त्याच्यावर माझा राग नाही. माणूस आहे, हात मंदावतात, नजर मंदावते. कुठल्याही कामगाराला विचारा. पंचवीस वर्षं धागा जोडणारी बोटं एक दिवस धागा चुकतात.

माझा राग आहे एका वाक्यावर.

न्यूझीलंडकडून हरल्यावर चहाच्या गाड्यावर मी म्हणालो, आता याला बसवा. तर माझा एक दोस्त, चांगला बारावी शिकलेला, म्हणाला, "आरं, असं कसं बसवा? फॉर्म टेंपररी असतो. क्लास परमनंट असतो."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. समालोचक सांगतात, पेपरवाले छापतात, टीव्हीवर कोटातले लोक सांगतात. चहा पीत पीत मी त्यातला एकेक शब्द चघळला. टेंपररी. परमनंट. हे शब्द क्रिकेटचे नाहीत, दोस्तहो. हे गिरणीच्या हजेरीबुकातले शब्द आहेत. परमनंट म्हणजे ज्याचं मशीन ठरलेलं, ज्याची रजा मंजूर, जो एखाद दिवशी ढिला पडला तरी दुसऱ्या दिवशी त्याची जागा त्याचीच. आणि बदली म्हणजे जो गेटावर उभा राहतो. आत कुणी कमी पडला तर त्याला हाक येते. हाक आली तर दिवस भरला, नाही तर डबा उघडून गेटाबाहेरच खायचा आणि घर गाठायचं. बदलीवाल्याला फॉर्म टेंपररी असण्याची सवलत नाही. त्याचे एका पाळीत चार धागे जास्त तुटले की मुकादम म्हणतो, उद्यापास्नं येऊ नको.

आणि क्लास? क्लास म्हणजे वर्ग. हा शब्द मी आणखी एके ठिकाणी परमनंट बघितलाय. तिथं त्याला वर्ण म्हणतात. तिथं पण माणूस कसा वागतो, काय काम करतो, याला किंमत नाही. एकदा वरचा तो कायमचा वरचा. एकदा खालचा तो कायमचा खालचा. फॉर्म येतो जातो, क्लास जात नाही. मनूनं क्रिकेट बघितलं असतं तर त्यानं हेच वाक्य लिहिलं असतं.

गंमत बघा. हेच दोस्त, हेच पेपरवाले, हेच कोटातले लोक आपल्याला एरवी काय शिकवतात? मेरिट. सवलत नको, मेरिट पाहिजे. मार्क दाखवा, जागा घ्या. आमच्या पोराचा एक मार्क कमी पडला तर देश बुडतो. आणि सहा डावांत ९१ धावा झाल्या, पाच डावांत ३१ झाल्या, तेव्हा मेरिट कुठं जाऊन झोपतं? तेव्हा मेरिटचं नाव बदलतं. तेव्हा ते क्लास होतं, अनुभव होतो, योगदान होतं, आदर होतो. म्हणजे मेरिट हा गेटावरच्या माणसासाठीचा कायदा आहे. आतल्यांसाठी वेगळा.

बदलीवाल्यांची दोन नावं सांगतो. करुण नायर. डिसेंबर २०१६, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. फक्त तिसरी कसोटी! पुढच्या कसोटीत त्याला बसवला, कारण ज्याची जागा होती तो परत आला. मग २०१७ मध्ये तीन कसोट्या दिल्या, चालला नाही, काढला. परत घेतला जून २०२५ मध्ये. मधे आठ वर्षं गेटावर. दुसरा विनोद कांबळी. कांजूरमार्गच्या वस्तीतून आलेला. १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोट्यांत २२४ आणि २२७. एकूण सतरा कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५. वय तेवीस! लोक म्हणतात, वागणं नीट नव्हतं, उसळता चेंडू जमत नव्हता. असेल. पण चौपन्नच्या सरासरीचा माणूस तेविसाव्या वर्षी संपला असं ठरवणारे, आणि सहाची सरासरी झालेल्याला क्लास म्हणणारे, यांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे का? एवढंच विचारतो.

मी असं म्हणत नाही की रोहितला वेळ देऊ नका. वेळ दिला म्हणून माणूस उभा राहतो हे मला मान्य आहे. दक्षिण आफ्रिकेचा टेंबा बावुमा बघा. उंचीनं छोटा, रंगानं काळा. तिथं शेकडो वर्षं काळ्यांना जे भोगावं लागलं ते भोगून झाल्यावर तिथल्या क्रिकेट मंडळानं २०१६ मध्ये ठरवलं की हंगामाच्या सरासरीनं संघात निदान सहा खेळाडू गोरे नसलेले, आणि त्यात निदान दोघे काळे आफ्रिकन असावेत. झालं, बावुमाच्या पाठीला चिठ्ठी लागली : कोट्यातला. ही चिठ्ठी आपण ओळखतो. कॉलेजात, बँकेत, ऑफिसात, आपल्या प्रत्येकाच्या पाठीला ती लावून झालीय. २०२३ च्या विश्वचषकात तो आठ सामन्यांत दीडशे धावासुद्धा करू शकला नाही. तेव्हा त्याला हाकला म्हणून ओरड झाली. त्याच्याबद्दल कुणी म्हणालं नाही की क्लास परमनंट असतो. पण संघानं त्याला ठेवला. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून दक्षिण आफ्रिका कसोटीची जगज्जेती झाली. कप्तान बावुमा. मांडीचा स्नायू दुखावलेला, लंगडत पळत ६६ केल्या.

आणि त्याच बावुमानं नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात येऊन आपल्याला २-० नं धुतला. कोलकात्याला १२४ पाहिजे होत्या, आपण ९३. अख्ख्या सामन्यात अर्धशतक एकच झालं, बावुमाचं, नाबाद ५५. गुवाहाटीला ४०८ धावांनी हार, धावांच्या हिशोबानं भारताची सर्वांत मोठी हार. म्हणजे मोठी नावं गेली तरी दुखणं गेलं नव्हतं. आणि त्या कोलकात्याच्या सामन्यात स्टंपातल्या माइकमध्ये एक शब्द ऐकू आला. बावुमाला 'बौना' म्हटलं गेलं. म्हणणारा बुमरा. ज्याच्या ३२ बळींवर मी अख्खी ऑस्ट्रेलिया जागून काढली तो. त्या दिवशी मला कळलं की आवडता खेळाडू आणि आपला माणूस या दोन गोष्टी वेगळ्या. टाळी हातानं वाजवायची. डोकं गहाण टाकायचं नाही.

हीच गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना माझ्या कितीतरी आधी कळली होती. कशी, ते सांगतो. त्यासाठी बाळू पालवणकरकडं जावं लागेल.

बाळू जातीनं चांभार. जन्म १८७६, धारवाड. पुण्यात वाढला. आधी पारशांच्या क्लबात आणि मग गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळं लावायचं. पगार महिन्याला तीन-चार रुपये. साहेबांना सरावाला कुणीतरी चेंडू टाकणारा पाहिजे म्हणून बाळूच्या हातात चेंडू दिला. ग्रेग नावाचा साहेब तासन् तास त्याच्यासमोर खेळायचा. डावखुरा बाळू तासन् तास टाकायचा. पण बॅट? बॅट त्याला कधी दिली नाही. राबायचं काम त्याचं, मारायचं काम दुसऱ्याचं.

पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला घेतलं. मैदानात त्याच्या हातातला चेंडू चालायचा. चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवण वेगळं. तरी तो बळी घेत राहिला. मुंबईला आला, १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात बाळू होता. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचा महाराजा. महाराज मोजकेच सामने खेळले, बाकी मेजवान्या झोडल्या. २३ सामन्यांत ६ जिंकले, १५ हरले. तेव्हाही संघ बुडत होता आणि एकटा माणूस राबत होता! बाळूचे बळी ११४. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. त्या मानपत्रात वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा हात होता असं क्रिकेटचा इतिहास लिहिणारे सांगतात.

एवढं करून त्याला हिंदू संघाची कप्तानी? नाव काढू नका. वर्षामागून वर्षं गेली. कप्तान दुसरे, राबणारा बाळू. त्याचा खांदा उतरला, वय चव्वेचाळीस झालं. १९२० मध्ये त्याला संघातूनच वगळलं आणि कप्तानी दि. ब. देवधरांकडं गेली. तेव्हा बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतलं. दोस्तहो, त्या काळात! आपल्याकडं महाडचं तळं पेटायला अजून सात वर्षं होती. त्यांनी विचारलं, जात हीच लायकी आहे काय? गाजावाजा झाला, मग तडजोड. बाळूला परत घेऊन उपकप्तान केला आणि कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ सूत्रं त्याच्या हातात आली. आयुष्यभर राबला, आणि कप्तानी मिळाली ती बदलीवर! १९२३ मध्ये विठ्ठल खराखुरा कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

इथपर्यंत बाळू आपला हीरो. आता पुढचं ऐका, जे आपण बोलायचं टाळतो.

१९३२ मध्ये हाच बाळू राजांच्या गटाबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभा राहिला. पुणे कराराखाली त्याची सही आहे. आणि १९३७ मध्ये मुंबईच्या निवडणुकीत, भायखळा-परळच्या, म्हणजे गिरणगावाच्या मतदारसंघात, काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात कुणाला उभं केलं? बाळूला. ज्यांनी त्याला चहाचा कप दिला नाही त्यांनी त्याला तिकीट दिलं. डाव बघा कसा. आपल्या लोकांच्या मनात ज्याचा फोटो, त्यालाच आपल्या बापासमोर उभा केला.

बाबासाहेबांना मतं १३,२४५. बाळूला ११,२२५. मतदारसंघ संयुक्त होता, कुणाचं मत कुणाला गेलं हे पेटी सांगत नाही. पण एवढं खरं की ज्या गिरणगावात बाळूच्या फिरकीचं वेड होतं, तिथंच तो हरला. सांचाखात्यात, कार्डिंगात, चाळीच्या नळावर ज्यांनी त्याच्या नावानं टाळ्या पिटल्या असतील, त्यांच्यातल्या कितींनी तरी मत देताना हात बाबासाहेबांच्या बाजूला नेला. टाळी बाळूला, मत बाबासाहेबांना. त्यांनी बाळूचे ११४ बळी विसरले नाहीत, आणि ११४ बळींसाठी आपला हक्क विकलाही नाही.

आपण बाळूला काय करायचं? फोटो फाडायचा? मी म्हणतो, नाही. १९११ चा बाळू मला पाहिजे. १९३७ चा बाळू मला नको. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही लिहून ठेवायचे. माणसाला स्कोअरबुकासारखं वाचायचं, पोथीसारखं नाही. स्कोअरबुकात शतक पण असतं आणि शून्य पण असतं, आणि शतकामुळं शून्य खोडत नाहीत.

१९४९ च्या नोव्हेंबरात घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीला नेते. आपण ते भाषण चौदा एप्रिलला वाचतो आणि पंधरा एप्रिलला कुणाच्या तरी गाडीमागं पळतो. बघा ना आपल्या चळवळीकडं. गट किती झाले मोजा. प्रत्येक गटाचा एक कप्तान. कधीकाळी मारलेलं एक शतक, त्यावर वीस वर्षं संघात. मोर्च्यात दिसत नाही, वस्तीत दिसत नाही, निवडणुकीच्या आधी तडजोडीच्या टेबलावर दिसतो. आणि कुणी पोरगा उठून बोलला की आपलेच लोक त्याला गप्प करतात : "साहेबांचं योगदान मोठं हाय." म्हणजे काय? फॉर्म टेंपररी, क्लास परमनंट. ज्या वाक्यानं आपल्याला गेटाबाहेर ठेवलं तेच वाक्य आपण आपल्या गेटावर लावलंय. आत कप्तान पेंगतोय, बाहेर वस्तीतली पोरं आणि पोरी, हो, पोरी सुद्धा, बदलीवर उभ्या. सभेला सतरंज्या टाकायच्या त्यांनी, घोषणा द्यायच्या त्यांनी, केस अंगावर घ्यायच्या त्यांनी. बॅट त्यांना द्यायची नाही. पूना क्लब आणि आपल्यात मग फरक काय राहिला?

माझी मागणी साधी आहे. क्रिकेटात, गिरणीत, चळवळीत, तिन्हीकडं एकच. मंदावलेल्या माणसाला वेळ द्या, त्याला एकदम उकिरड्यावर टाकू नका. पण जेवढी लांब दोरी त्याला, तेवढीच लांब दोरी गेटावरच्या पोराला. त्याच्या पहिल्या शून्यावर त्याची जात, त्याची वस्ती, त्याचा कोटा काढू नका. आणि ज्याची वेळ झाली त्याला तोंडावर सांगायची हिंमत ठेवा. टाळ्या वाजवून सांगा, पण सांगा.

येत्या बैठकीत मी हजेरीबुक काढणार आहे. गेल्या वर्षात कोण किती मोर्च्यांना आलं, किती वस्त्यांत गेलं, किती केसेसला कोर्टात उभं राहिलं. नाव कितीही मोठं असो, त्याच्यासमोर आकडा लिहिणार. ज्यांना राग येईल त्यांनी जरूर यावं. रागावण्यासाठी का होईना, हजेरी तरी लागेल.